शुक्रवारी दाखवलेलं घर

मागचा कारखाना बंद झालाय, असं मी बायकोला घर बघायला जिना चढतानाच सांगून टाकलं. तिने विचारायच्या आधीच. तिला संशय आला नाही. भिवंडीतल्या नारपोलीत कापडाचे लूम बंद पडून त्यांची गोदामं झालेली तिने पाहिली होती, आणि मी खोटं बोलेन असं तिला वाटायचं काही कारण नव्हतं.

नारपोलीच्या आमच्या घराची एक भिंत लूमच्या कारखान्याला लागून होती. लग्न होऊन आली तेव्हापासून तिला अर्धशिशी. दुखायला लागलं की डोक्याला फडकं घट्ट बांधून, खिडक्या लावून पडून राहायची, आणि भिंत आपली चालूच. घर घ्यायचं ठरलं तेव्हा तिची अट एकच होती. "लहान घ्या, लांब घ्या, पण लूमच्या शेजारी नको." गावाबाहेर कोनला एका नव्या इमारतीत तिने फ्लॅट बघूनही ठेवला होता.

मला मात्र हीच इमारत हवी होती. महायुद्धाच्याही आधीची, सागवानी जिन्याची, वकील-मास्तरांनी सोसायटी करून बांधलेली. माझे वडील इथल्या एका वकिलांकडे कारकून होते. फायली पोचवायला यायचे, कधी मलाही आणायचे. वकील माणूस वाईट नव्हता, पण वडिलांना तिथे कोणी "बसा" म्हटलेलं मला आठवत नाही. जिन्याच्या पायथ्याशी सभासदांच्या नावांची लाकडी पाटी आहे. तिच्यावर आपलं नाव पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात बसलं होतं. हे बायकोला सांगायची मला लाज वाटायची. खोटं बोलायची वाटली नाही.

त्याआधी एका मंगळवारी मी एकटाच येऊन गेलो होतो. मागच्या खोलीत उभा राहिलो तर लूमची खडखड तळपायांतून वर चढली. म्हणून तिला शुक्रवारी आणलं. शुक्रवारी लूमला सुट्टी, हे तिलाही ठाऊक होतं; पण बंद पडलेल्या कारखान्याला शुक्रवार काय आणि सोमवार काय.

ती मागच्या भिंतीला तळवा लावून उभी राहिली. घर विकणारे निवृत्त मास्तर शेजारीच होते.

"छान शांत आहे हो," ती म्हणाली.

"आज आहे," मास्तर म्हणाले, आणि मी लगेच विचारलं, "पाणी किती वाजता येतं?"

मग राहिली कमिटीची मुलाखत. इथे घर घेणाऱ्याने जोडीने कमिटीपुढे बसायचं, चहा घ्यायचा, मग ठरतं. मी सेक्रेटरींना फोन करून शुक्रवारी जमेल का विचारलं.

"कमिटी रविवारीच बसते, पहिल्यापासून," ते म्हणाले. "आणि वहिनींशिवाय येऊ नका."

रविवारपर्यंत सांगता आलं असतं. रोज जेवताना तोंड उघडायचो आणि भाजीबद्दल काहीतरी बोलून मिटायचो.

रविवारी तिने ठेवणीतली साडी नेसली होती. गल्लीत आवाज होताच, पण भिवंडीत तो कुठून येतोय हे कोण बघतं. जिन्यात तिने कठड्याला हात लावला आणि थांबली. हात उचलला, परत ठेवला. लाकूड थरथरत होतं. तिने माझ्याकडे पाहिलं.

"चला," म्हणाली, "वाट बघत असतील."

चेअरमनच्या घरात कपबश्या हलक्या किणकिणत होत्या. चेअरमन म्हातारे, स्पष्ट बोलणारे. "वहिनी, आधीच विचारतो. मागे लूम आहेत, रात्रपाळीसुद्धा असते. पूर्वी एक बिऱ्हाड महिनाभरात तक्रार घेऊन दारात उभं. ह्यांनी सांगितलंय ना सगळं?"

मी बशीत बघत राहिलो. निदान तेव्हा तरी बोलायला हवं होतं.

"सांगितलंय की," ती म्हणाली. "नारपोलीची आहे मी, काका. लूम थांबले तर जाग येते मला."

सगळे हसले. मीही हसलो. खोटं बोलल्यापेक्षा त्या हसण्याची मला जास्त लाज वाटते.

परतताना गल्लीच्या तोंडाशी ती एवढंच म्हणाली, "मागची खोली तुमची."

पाटीवर नाव आलं. ती पुढच्या खोलीत झोपते, तरी अर्धशिशी आहेच. दर शुक्रवारी सकाळी माझ्यापुढे चहा ठेवताना म्हणते, "बंद झाला वाटतं कारखाना." रागाने नाही, मीठ लागेल का विचारावं तसं. मी चहा पितो.

गेल्या महिन्यात एका सकाळी मला शांततेने जाग आली.

"आज वार कुठला?" तिने स्वयंपाकघरातून विचारलं.

"शनिवार."

"मग?"

मालक लूम भंगारात काढून जागा गोदामाला देतोय, हे मला आदल्या दिवशी नाक्यावर कळलं होतं. तिला सांगायला जीभ रेटली नव्हती. आता म्हणालो, "कारखाना बंद झालाय."

तिने गॅस बंद केला. हात पुसले, चपला घातल्या आणि खाली गेली.

मी मागच्या खिडकीत आलो. ती मागच्या गल्लीत कारखान्यापुढे उभी होती. शटरला कुलूप होतं. तेवढ्याने तिचं भागलं नाही. तिने हातगाडीवाल्याला थांबवून विचारलं. "हां भाभी, सब माल उठ गया," तो म्हणाला, तरी ती हलेना. भिंतीजवळ गेली आणि तिच्यावर तळवा टेकवला, त्या शुक्रवारी टेकवला होता तसाच.

हातगाडी वळणापलीकडे गेली तरी तिने हात काढला नव्हता. मी खिडकीतून बाजूला झालो नाही.