घमेल्यातली अठरा कुलपं

"ही न्हाई. पुढली."

काकू एवढंच म्हणायच्या आणि अंगठ्याने जुडग्यातली पुढची किल्ली वर सरकवायच्या. चिडणं नाही, सुस्कारा नाही. भाजी निवडताना किडकं पान बाजूला टाकतात, तेवढ्याच सहजपणे. मारुंजी गावात त्यांच्या तीन मजली इमारतीत मी तळमजल्यावर गेली सहा वर्षं भाड्याने राहतो. जवळच्याच शाळेत मी अकरावी-बारावीला गणित शिकवतो. आता गंमत बघा. गणित शिकवणार मी, पण "पोराला कॉम्प्युटरला घालू का?" हे विचारायला आईबाप माझ्या दारावरून पुढे जाऊन काकूंकडे जायचे. काकू सातवी शिकलेल्या. मला याचा राग यायचा, आणि तो मी कधी फारसा लपवला नाही.

लोक काकूंकडे जायचे, त्याचं कारणही तसंच होतं. वरच्या दोन मजल्यांवर कॉम्प्युटर कंपन्यांतली मुलंमुली राहायची, त्यातली निम्मी खोलीतूनच काम करायची. काकू जिन्याखाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसून त्यांच्यावर नजर ठेवायच्या. एवढ्यावरून कॉम्प्युटरमधलं सगळं काकूंना कळतं असा गावाचा समज झाला होता. काकूंचाही तोच समज होता.

त्यांची एक परीक्षा असे. पूर्वी खोल्यांना काकूंचीच कुलपं होती. मग भाडेकरू आपापली कुलपं आणू लागले, कारण मालकिणीकडे दुसरी किल्ली असते. काकूंची अठरा कुलपं घमेल्यात गेली आणि अठरा किल्ल्या एका जुडग्यात. कुठली किल्ली कुठल्या कुलपाची, याची कसलीही खूण नाही. बारावीचं पोर समोर आलं की काकू बंद कुलपांचं घमेलं पायाने पुढे ढकलायच्या.

"उघडून दाखव. लागंल तेवढा येळ घे."

पोराचा बाप घाईने मार्कशीट काढायचा. काकू ती हातातसुद्धा घ्यायच्या नाहीत. "मार्क त्या मास्तरला दाव. मला फकस्त बघायचंय, किल्ली लागंना झाली की ह्ये काय करतंय."

काय काय करायची पोरं! शेजारच्या नांदे गावचा एक मुलगा वडिलांच्या नव्या कोऱ्या गाडीतून आला. पाच किल्ल्या लावून बघितल्या आणि हात झटकून म्हणाला, "ह्या किल्ल्याच चुकीच्या हायेत."

"ह्याला पुढारी करा," काकू म्हणाल्या. वडील इतके खूश झाले की जाताना पाया पडून गेले.

दुसऱ्याने मोबाइल काढून टाचणीने कुलूप कसं उघडायचं याचा व्हिडिओ लावला. तासाभराने बघतो तर मोबाइलवर क्रिकेट चालू होतं आणि कुलपं जिथल्या तिथे. तिसरा मुकाट्याने उठून शेजारच्या बांधकामावर गेला आणि हातोडा घेऊन आला. काकूंनी त्याला पोटभर जेवू घातलं आणि सांगितलं, "बाळा, तू गुणाचा हायेस, पन ह्या कामाचा न्हाईस." एका मुलीने मात्र लागलेल्या प्रत्येक किल्लीला नेलपॉलिशचा ठिपका लावत सतरा कुलपं उघडली. काकूंनी तिला त्याच दिवशी पास केलं. मग ते ठिपके पुसायला वरच्या भाडेकरणीची बाटली अख्खी संपवली आणि वर तिलाच ऐकवलं, की एवढीशी बाटली कशाला आणतेस.

एकदा न राहवून मी विचारलं, "काकू, कुलपाचा आणि कॉम्प्युटरचा संबंध काय?"

"मास्तर, वरची पोरं काय करत्यात कधी बघितलंय का तुमी? दिसभर चुकत्यात. चुकतंय, पुसतंय, परत लिवतंय. सांजच्याला कवातरी एकदा बरुबर येतं, मग ग्यालरीत यिऊन नाचतंय. लोक इचारत्यात, पगार किती? आवो, पगार महिन्यातनं एकदा येतोय. चूक रोज येती. रोज येनारीसंगं ज्याचं जमंल, त्यानं जावं तिकडं."

 दुसऱ्या दिवशी वर्गात मी हेच माझं म्हणून सांगितलं. मुलांना फार आवडलं.

मग माझ्या घरातच बारावी आली. माझी मुलगी मुक्ता. गणितात पासष्ट. गणिताच्या मास्तराच्या घरात पासष्ट म्हणजे काय, ते मास्तरलाच ठाऊक. आणि हिला जायचं होतं कॉम्प्युटर सायन्सला! मी म्हटलं, बी.कॉम. कर. ती म्हणाली, बाबा, मला हेच करायचंय. चार दिवस आम्ही एकमेकांशी बायकोमार्फत बोलत होतो. अर्ज भरायला दोन दिवस उरले, तेव्हा मी एक चाल खेळलो. म्हटलं, काकू म्हणतील ते दोघांनाही मान्य. मुक्ता सगळं सावकाश करणारी, विचारविचारून करणारी. ती तासाभरात रडकुंडीला येईल याची मला खात्री होती.

रविवारी सकाळी मुक्ता जिन्याखाली बसली. आधी सगळी कुलपं फरशीवर ओतली आणि लहानमोठी लावून घेतली. मग एकेक किल्ली लावत गेली. ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. मी दोनदा चहा प्यायलो. साडेअकरापर्यंत सतरा कुलपं उघडी होती आणि एक पितळी कुलूप बंद. तिने त्याला अठराही किल्ल्या लावून बघितल्या. मग पुन्हा पहिलीपासून सुरुवात केली. पुन्हा तेच. मला आनंद झाला. बाप म्हणून लाज वाटावी असा आनंद.

मुक्ताने कुलूप काकूंच्या पुढ्यात ठेवलं. "काकू, याची किल्ली या जुडग्यात नाही."

"नीट बघ," मी म्हटलं. "अठरा कुलपं, अठरा किल्ल्या. सरळ हिशेब आहे."

"ही एक किल्ली कशालाच लागत नाही, बाबा. ती दुसऱ्याच कशाची तरी आहे. आणि याची इथे नाही. मी दोनदा बघितलं."

काकूंनी ती किल्ली जुडग्यातून वेगळी धरली. "ती गोठ्याची हाय," त्या म्हणाल्या. "गोठा पाडून ही बिल्डिंग बांदली." मग माझ्याकडे वळल्या. "मास्तर, आजवर येकानंबी ह्ये सांगितलं न्हाई. ती ठिपकेवालीसुदिक म्हनली, कुलूप गंजलंय, त्येल घाला. न्हाई त्याला न्हाई म्हनायला लई धीर लागतोय. घाला पोरीला."

माझा चेहरा पडला. पण मुक्ताचं अजून संपलं नव्हतं. "मग याची किल्ली कुणाकडे आहे?"

काकूंनी पितळी कुलूप हातात घेतलं आणि पदराने पुसायला लागल्या. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं. "आमच्या पोराकडं."

काकूंना एकच मुलगा आणि तो कासारसाईला मामाकडे असतो, एवढंच मला माहीत होतं. पुढचं त्या दिवशी कळलं. बारावी झाल्याबरोबर काकूंनी त्याला कॉम्प्युटरला घातला होता. वरच्या मजल्यावर खोली दिली, टेबल-खुर्ची आणली. तो पहिल्या वर्षातच तीनदा अडकला. तिसऱ्यांदा निकाल लागला त्या सकाळी त्याने खोलीला स्वतः आणलेलं हे पितळी कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि गेला. कासारसाईच्या धरणाच्या खालच्या अंगाला त्याने म्हशी पाळल्या. काकूंनी सुताराकडून दाराची कडी उखडून घेतली, कुलूप बंदच राहिलं. लग्नाकार्यात मायलेक दिसायचे, पण वेगवेगळ्या पंगतीला.

"त्याला मी इचारलंच न्हाई," काकू म्हणाल्या. "नुसतं बसवलं."

म्हणजे इतकी वर्षं गावातल्या पोरापोरींसमोर त्या घमेलं सरकवत होत्या, ते ज्याच्यासमोर सरकवायचं राहून गेलं होतं त्याच्यापायी. मी फरशीकडे बघायला लागलो.

मुक्ता काकूंकडेच बघत होती. "मग त्याच्याकडे मागा ना," ती म्हणाली.

"नऊ वरसं झाली, बाय."

"झाली तर झाली. कासारसाई काय लांब आहे? बाबांच्या स्कूटरवरसुद्धा जाता येईल."

मी डोळे वटारले. काकू चहाचे कप उचलून आत गेल्या. घरी आल्यावर मी मुक्ताला खूप बोललो आणि मग अर्जावर सही केली.

काकू आता मारुंजीत नसतात. जिन्याखालची खुर्ची वॉचमनने घेतली. मुक्ता दुसऱ्या वर्षाला आहे, दिवसभर चुकते, आणि कधीतरी संध्याकाळी गॅलरीत येऊन नाचते. कासारसाईला राहायला जाताना घमेलं काकूंनी मला दिलं. आईबाप आता माझ्या दाराशी थांबतात. मार्कशीट मीही हातात घेत नाही. कुलपं मात्र सतराच आहेत, आणि त्यामुळे परीक्षा जरा सोपी झाली आहे, हे मला कबूल आहे.

अठरावं कुलूप गेलं तो रविवार सांगायचा राहिला. मुक्ताच्या परीक्षेला आठवडा झाला असेल. फाटकाशी दुधाचे कॅन लादलेला एक पिकअप थांबला. मिशा राखलेला, तिशीचा एक गडी उतरला. अंगाला वैरणीचा वास. काकूंनी फोनवर त्याला एकच वाक्य सांगितलं होतं, "किल्ली घिऊन ये." एवढं बोलून फोन ठेवला, हे मला त्यानेच नंतर सांगितलं.

काकूंनी घमेलं पुढे सरकवलं, या वेळी पायाने नाही, वाकून, दोन्ही हातांनी. तो फरशीवर मांडी घालून बसला. पितळी कुलूप त्याने बरोबर उचललं. खिशातून स्वतःचा जुडगा काढला. गोठ्याची, पिकअपची, विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीची, घराची, कसल्या कसल्या किल्ल्या होत्या त्यात. नऊ वर्षांत त्याला ती किल्ली नेमकी कुठली, हे आठवेना. काकू दाराला धरून उभ्या होत्या. त्याने एक लावून बघितली. फिरेना.

"ही न्हाई," तो स्वतःशीच म्हणाला, आणि अंगठ्याने पुढची किल्ली वर सरकवली.