फाउस्टिनाचं पावाचं विमान

आमच्या गावात पाव भाजणारे तिघं आहेत, पण भट्टी म्हणावी अशी एकच, ती माझी. बाकीचे दोघं हे वाचणार असतील तर वाचू देत. पन्नास वर्षांत माझ्या हाताखाली पुष्कळ शिकाऊ येऊन गेले. एक बहाद्दर खमीर घालायला विसरला आणि लग्नाचे दोनशे पाव विटांसारखे भाजून बसला. नवरीच्या बापानं ते खरोखरच कुंपणाच्या भिंतीत बसवले. असे किस्से मी दिवसभर सांगेन. पण फाउस्टिनाचं सांगायला बसलो की माझं हसू कुठल्या कुठे जातं.

फाउस्टिना व्हायेहोस, वय एकोणीस. जन्मापासून तिला डाउन सिंड्रोम. हा शब्द मला अलीकडे कळला. आधी आम्ही आपलं 'उशिरा शिकते' म्हणायचो. तिची आई एर्मिनिया स्पेनला गेली, तिथल्या म्हाताऱ्यांची सेवा करायला. तेव्हा पोर दहा वर्षांची होती. नऊ वर्षांत एर्मिनिया एकदाही परत आली नाही. पैसे येत, फोन येत. पोरीला वाढवलं मावशीनं, प्रिमितिवानं. ती बाजारात उकडलेला मका आणि चीज विकते, आणि तिच्या जिभेला सारं खोरं घाबरतं.

नगरपालिकेनं शिकाऊ वर्ग काढला. बारा जण, त्यातले काही अपंग, काही धडधाकट. पण बाक एक, ॲप्रन एक, परीक्षाही एकच. सकाळी वर्ग, दुपारी कारागिराकडे काम. वर्ग चालवणाऱ्या रोसेंदाबाई फाउस्टिनाला ठेवून घ्या म्हणायला माझ्याकडे आल्या तेव्हा मी म्हणालो, "बाई, ही भट्टी आहे, पाळणाघर नाही."

"मग बरंच झालं," त्या म्हणाल्या, "तिला एकोणीस पूर्ण झालीत."

दुसऱ्या दिवसापासून पोर माझ्याकडे यायला लागली. रोसेंदाबाईंनी भिंतीवर चित्रं लावली: हात धुवा, पीठ मोजा, मीठ घाला, कणीक झाका. मला बजावलं, की तिच्याशी आडवळणानं बोलू नका, जे आहे ते सरळ सांगा. फाउस्टिना प्रत्येक चित्राला बोट लावायची आणि मगच पुढच्या कामाला जायची. एकही चित्र तिनं कधी गाळलं नाही. गाळायचो मी. ती माझी वाट अडवून म्हणायची, "ताता, हात." आमच्याकडे वडीलधाऱ्या माणसाला ताता म्हणतात. गिऱ्हाइकं हसायची आणि मी निमूटपणे हात धुवायचो. भट्टी किती तापलीय ते कळायला तळावर चिमूटभर पीठ टाकून ते किती वेळात तांबूस होतं हे मोजायचं असतं. माझे कित्येक शिकाऊ ते वर्षभर चुकले. ही तीन आठवड्यांत शिकली.

नोव्हेंबरात परीक्षा होती. पास झाली की माझ्याकडे तिची कायमची, पगारी जागा; मी तसा शब्द दिला होता. तिनं ते बाजारभर सांगितलं. नंतर तर बाजारच तिला विचारायचा, आमच्या शेटाणीबाई कशा आहेत म्हणून.

त्याआधी आला मृतांचा सण. आमच्याकडे गेलेली माणसं वर्षातून एकदा घरी जेवायला येतात. पहिल्या नोव्हेंबरला दुपारी बाराला येतात, दुसऱ्या दिवशी बाराला जातात. त्यांच्यासाठी टेबल मांडायचं, आवडीचं रांधायचं, आणि प्रत्येकाच्या नावाची पावाची बाहुली भाजायची. सोबत पावाचीच शिडी, वरून उतरायला. तो आठवडाभर गावच्या बायका भट्टीवर येऊन सांगत होत्या, की माझ्या नवऱ्याला जाड मिशी होती, माझ्या सासूच्या गालाला खळी होती. सांगता सांगता रडायच्या आणि डोळे पुसून म्हणायच्या, येईल आता, उद्या-परवा बाराला. फाउस्टिना पीठ चाळत सगळं ऐकत होती. ही बाहुली कुणाची करायची असते, याचं चित्र भिंतीवर नव्हतं. जे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक, त्याचं चित्र कोण काढणार?

एकतीस तारखेच्या दुपारी तिनं माझ्याकडे कणीक मागितली. मी गोळा काढून दिला आणि कामाला लागलो. थोड्या वेळानं बायकांचा हशा ऐकू आला. फाउस्टिनानं शिडी केलीच नव्हती. तिनं विमान केलं होतं, पंख आणि खिडक्यांसकट.

"कुणाकडचा पाहुणा गं हा?" एकीनं विचारलं. "आमचे मेले शिडीनं उतरतात, हा विमानानं येतोय."

फाउस्टिनाही हसली. मीही हसलो, आणि न बघताच तिचा पत्रा भट्टीत सरकवला.

पत्रा बाहेर काढला तेव्हा प्रिमितिवा आपल्या बापाची बाहुली न्यायला दारात उभी होती. विमानाशेजारी एक बाई होती. दोन वेण्या, घेरदार घागरा, आणि हनुवटीवर डाव्या बाजूला तीळ म्हणून टोचलेली लवंग. तो तीळ साऱ्या गावाच्या ओळखीचा.

"ही एर्मिनिया आहे," प्रिमितिवा म्हणाली. मग ती माझ्याकडे वळली आणि तिचा आवाज चढला. "नेमेसियो, माझी बहीण जिवंत आहे. जित्या माणसाचा पाव भाजलास तू?"

बायकांनी छातीवर क्रूस काढले. कुणी म्हणालं, अपशकुन झाला. कुणी म्हणालं, भट्टी बाटली, आणि बायका आपापले पत्रे उचलायला लागल्या. वर्षातला सगळ्यात मोठा दिवस, साऱ्या गावचे मृत माझ्या भट्टीत. मला एवढंच सुचलं, की अपशकुन जाळला की मिटतो. लांब दांड्याच्या फावड्यानं मी ती बाहुली उचलली आणि जळत्या लाकडांत लोटली. मागोमाग विमान.

पाव जळायला वेळ लागतो. फाउस्टिना शेवटपर्यंत बघत उभी होती. मग ॲप्रन काढून नीट घडी केली, हात धुतले आणि मावशीबरोबर गेली.

त्याच संध्याकाळी एर्मिनियाचा फोन आला. धडधाकट होती. ऐकून आधी हसली म्हणे, मग तिनं फोन ठेवून दिला.

सण सरला तसा मी त्यांच्या घरी गेलो. वाटलं होतं, प्रिमितिवा दारातूनच हाकलेल. तिनं स्टूल पुढे केलं आणि हळू आवाजात म्हणाली, "मी नाही अडवलं रे तिला. तीच येत नाही." फाउस्टिना अंगणात वालाच्या शेंगा सोलत होती. मी म्हटलं, पोरी, चुकलो मी.

ती शेंगांकडे बघतच म्हणाली, "ताता, ममा बाराला येणार होती. तू येऊ दिलं नाहीस."

मी समजावू लागलो, की तो पाव फक्त मेलेल्यांचा असतो, आई तर जिवंत आहे, फोनवर बोलते.

"तुझी कास्ता आली?" तिनं विचारलं. कास्ता माझी बायको, जाऊन सहा वर्षं झाली.

"आली."

"जेवली?"

"जेवली."

"मेलेले येतात," ती म्हणाली. "मग ममा का नाही?"

प्रिमितिवा उठून आत गेली. मी म्हटलं, दहा दिवसांवर परीक्षा आहे, जागा तुझीच आहे, चल. तिनं हातातली शेंग सोलून संपवली. मग म्हणाली, "ममा किती वाजता येणार ते सांग. मग येते."

काहीतरी वेळ ठोकून द्यावी असं ओठांवर आलं होतं. नाताळला, म्हणावं. पण तिच्याशी आडवळणानं बोलायचं नव्हतं. मी म्हणालो, "मला माहीत नाही, पोरी."

तिनं मान हलवली आणि पुढची शेंग उचलली.

परीक्षेला ती आली नाही. रोसेंदाबाई तीनदा तिच्या घरी जाऊन आल्या. नाताळापर्यंत मी जागा मोकळी ठेवली, मग वर्गातल्याच दुसऱ्या एका मुलीला दिली. चांगली आहे ती, कामसू आहे. फाउस्टिना आता मावशीबरोबर बाजारात बसते. मावशी घरी जेवायला निघाली की दोघी माझ्या गल्लीनं न जाता नदीकडून वळसा घालून जातात. वळसा चांगला अर्ध्या तासाचा आहे, आणि प्रिमितिवाचे गुडघे दुखतात.