शेवटच्या ताऱ्याकडे, डावीकडून

भिलाईत राहून विश्वातला सर्वांत लांब प्रवास कुणी केला असेल तर तो माझ्या मावसाजींनी, म्हणजे माझ्या सख्ख्या मावशीच्या यजमानांनी. आणि तोही सेक्टरमधल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरात, एक पाय आखूड असलेल्या स्टुलावर बसून. यात अतिशयोक्ती नाही. मी पत्रकं लिहिणारी मुलगी आहे; अतिशयोक्ती मी सरकारबद्दल करते, नातेवाइकांबद्दल नाही. खरं तर नातेवाइकांबद्दल चांगलं लिहायची मला सवयच नाही. ‘निषेध असो’ हे मी झोपेतही लिहीन, पण कुणाचे आभार मानायचे म्हटले की माझा पेन कोरडा पडतो. तरीही हे आभाराचंच लिहिणं आहे, आणि ते वेळेवर झालेलं नाही, हा दोष माझा.

मावसाजी भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होते. शिफ्टचे आठ तास ते मोटरी जिवंत ठेवत आणि उरलेला वेळ पृथ्वीबाहेर काढत. दूरदर्शनवर लागणारी परदेशी अंतराळमालिका ते देवपूजेसारखी, आंघोळ करून पाहत. पावर हाउस भागातल्या टॉकीजला ग्रहांच्या लढायांचा एखादा जुना सिनेमा आला की पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत त्यांची रजा ठरलेली. मावशीला त्यांनी लग्नानंतर पहिला सिनेमा दाखवला त्यात तीन ग्रह फुटले होते. पण त्यांची भक्ती आंधळी नव्हती. सिनेमातून बाहेर पडले की सायकलचं कुलूप काढता काढता त्यांची तक्रार सुरू होई. “एवढं मोठं जहाज, दोन मैल लांब, अन् एक फिटर दिसत नाही त्याच्यात. सारे कॅप्टन. तेल कोन टाकते मंग?” हा प्रश्न त्यांनी एकदा पोस्टकार्डावर लिहून थेट दिल्लीला दूरदर्शनकडे पाठवला होता. उत्तर आलं नाही. मी तेव्हा नुकतीच एका डाव्या संघटनेत जायला लागले होते आणि अंतराळ वगैरे सगळा पलायनवाद आहे असं माझं ठाम मत होतं. ते मी त्यांना ऐकवलंही. ते शांतपणे म्हणाले, “पळतो नं मी. पन पळून जाते थो मानूस परत बी-शिफ्टले हजर होते का, सांग बरं.”  आणि खरं सांगायचं तर तेल कोण टाकतं हा प्रश्न आमच्या अभ्यासवर्गात मला पुढच्या दोन वर्षांतही कुणी इतका सरळ विचारला नाही.

मग घरात कॉम्प्युटर आला. नागपूरच्या कुणा ओळखीच्यानं परदेशातून आणलेला आणि कंटाळून विकलेला. पुस्तकाएवढा काळा डबा, वर रबराची बटणं. तो टीव्हीला जोडायचा आणि त्यातला खेळ कॅसेटवरून टेपरेकॉर्डर लावून चढवायचा. कॅसेट वाजू लागली की गाणं नाही, नुसती कर्कश किंकाळी. ती किंकाळी डब्याला समजली तर सात-आठ मिनिटांनी पडद्यावर जहाज उभं राही. बहुतेक वेळा समजत नसे. मावसाजी टेपच्या तोंडाशी कान लावून बसत, बारीक पेचकसानं आतला स्क्रू पाव फेरा फिरवत आणि तंबोरा लावणाऱ्या बुवांसारखे डोळे मिटून सांगत, “आज आवाज बसला हाय त्याचा.” जहाज चढत असताना घरात कुणी जोरात चालायचं नाही, मिक्सर लावायचा नाही, आणि फ्रीज तर बंदच, कारण फ्रीज सुरू झाला की व्होल्टेज पडे आणि जहाज जागच्या जागी मरे. ॲडॉप्टर तापे, म्हणून तो गार पाण्यानं भरलेल्या स्टीलच्या डब्यावर ठेवलेला. पाणी कोमट झालं की बदलायचं, तापकरी माणसाच्या कपाळावरच्या पट्टीसारखं. त्या वर्षी मावशीकडे जितकं दूध नासलं तितकं पनीर आम्ही खाल्लं. ती म्हणायची, “दुसऱ्याइचे नवरे पत्ते खेळतेत. आमचे हे बिमार डब्याची शेवा करून राहिले.”

खेळ असा होता की एका लहान जहाजातून एकेक तारा ओलांडत जायचं. वाटेत चाचे, वाटेत इंधन संपणं, वाटेत तोफांचा मारा. तारे शेकड्यांनी. पैलतीरावर एक शेवटचा तारा आहे एवढं सोबतच्या माहितीपुस्तकात लिहिलं होतं, आणि ते पुस्तक म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स, तिचं शेवटचं पान गायब. “काय आहे त्या ताऱ्यावर?” मी एकदा विचारलं. मावसाजी माझ्याकडे असे पाहू लागले, जणू मीच ढ आहे. “पान नाई नं त्याचं. म्हनूनच तं जायाचं.” चार वर्षं ते जात होते. दर रविवारी जिथवर पोचले तिथली नोंद कॅसेटवर भरून ठेवायची आणि पुढच्या रविवारी तिथून पुढे. तिसऱ्या वर्षी उजवीकडे वळायचं बटण मेलं. रबराखालचा पापुद्रा तुटला होता आणि तो भिलाईतच काय, नागपुरातही मिळत नव्हता. दुसरा कुणी असता तर थांबला असता. मावसाजी डावीकडून वळू लागले. उजवीकडचा तारा गाठायचा तर अख्खा वळसा घालून, पाठ दाखवून, डावीकडून. मी म्हटलं, “मावसाजी, शेवटी तुमी आमच्या बाजूनं आलेच.” ते म्हणाले, “तुमच्याकडून लई फिरून जा लागते वं.”

आता माझा गुन्हा. तेव्हा आमची मोहीम चालू होती ती भिलाईजवळच्या कुम्हारीच्या बसची. कुम्हारीकडच्या लहान कारखान्यांत काम करणाऱ्या बाया संध्याकाळी सुटून हायवेवर उभ्या राहत आणि बसवाले त्यांना पाहून गाडी आणखी जोरात काढत, कारण त्यांच्या हातात डबे असत, कपड्यांवर ग्रीस असे, आणि लांबचं तिकीट नसे. अंधार पडेपर्यंत त्या तिथंच. मागणी एकच: तिथं थांबा द्या. रविवारी पावर हाउसच्या चौकात सभा ठरली आणि आदल्या दिवशी लाउडस्पीकर बांधलेल्या ऑटोतून कॅम्प-1 या वस्तीभर प्रचार करायचं ठरलं. आवाहन भरायला एक कॅसेट हवी होती. मी मावसाजींकडे गेले. ते ड्यूटीवर, मावशी शेजारी. फळीवर त्यांच्या सुबक अक्षरात नावं घातलेल्या कॅसेटी: ‘जहाज’, ‘जहाज, जुनं’, ‘सिनेमाचे गाणे’ आणि ‘सोमवारची भजने’. मी क्षणभरही विचार केला नाही. मी देव न मानणारी, भाषणात तसं छातीठोक सांगणारी. भजनं पुसून तिथं कष्टकरी बायांचा आवाज भरायचा, याहून योग्य काम कोणतं? त्यांच्याच टेपरेकॉर्डरवर पाच मिनिटांचं आवाहन भरलं आणि कॅसेट पिशवीत टाकली. मला तेव्हा काय माहीत की घरी येणारी पाहुणेमंडळी हाताला लागेल त्या कॅसेटवर सिनेमाची गाणी भरतात म्हणून मावसाजींनी आपला चार वर्षांचा प्रवास मुद्दाम भजनाच्या नावाखाली ठेवला होता. भजनावर हात टाकायची हिंमत आपल्या माणसांत कुणाची नाही, असा त्यांचा हिशेब. त्या हिशेबात मी नव्हते.

शनिवारी दुपारी ऑटो निघाला. माझा आवाज चारी दिशांना घुमत होता आणि मी स्वतःवर अतिशय खूश होऊन मागच्या सीटवर बसले होते. पावर हाउसच्या बाजारात आवाहन संपलं. ड्रायव्हरनं कॅसेट थांबवली नाही. आणि त्या भोंग्यातून ती किंकाळी सुटली. घरात जी टेपएवढी होती ती चौकात राक्षसाएवढी झाली. एका दुकानदारानं शटर अर्धं ओढलं. बटाटे तोलणारा तागडी हातात तशीच धरून उभा राहिला. प्लांटमधला कसलासा भोंगा वाजला समजून लोक आकाशाकडे पाहू लागले. ड्रायव्हर मला म्हणाला, “दीदी, ए टेप मा कोन नरियावत हे?” टेपमध्ये कोण ओरडतंय, हे त्या भोंग्याच्या आवाजात मलाही ओळखू आलं नाही. तेवढ्यात मागून हेल्मेट घातलेला, खाकी कपड्यांतला एक माणूस जीव तोडून सायकल मारत, हात हलवत येताना दिसला. “बंद करो! रोको!” मी ओळखलं नाही. मला दिसला तो फक्त युनिफॉर्म. मी माइक हातात घेतला आणि सबंध बाजाराला ऐकवलं की बहनों और भाइयों, देखिए, गरीब औरतों की आवाज दबाने के लिए लोग भेजे गए हैं, लेकिन हम दबेंगे नहीं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सायकल ऑटोला येऊन टेकली, हेल्मेट निघालं आणि आतून मावसाजी निघाले.

ते धापा टाकत होते. अख्ख्या बाजारात तो आवाज ओळखणारा तो एकच माणूस होता. स्वतःच्या लेकराचं रडणं ओळखावं तसा त्यांनी तो ओळखला होता. “थे भजनाची कॅसेट होय नं?” त्यांनी विचारलं. मी होय म्हटलं. “सुरुवातीचं किती पुसलं?” मी पाच मिनिटं म्हटलं.  मग जणू वर्गात समजावत असावेत तसे म्हणाले, “डोस्कं गेलं मंग. मागचं धड रायलं, पन आता थे वाचता येनार नाही.” तेव्हा मला कळलं की मी काय केलं. मी आयुष्यात पहिल्यांदा चालू माइक स्वतःहून बंद केला.

रागावतील, निदान मावशीला सांगीन म्हणतील, अशी मी वाट पाहत होते. त्यांनी भोंग्याकडे पाहिलं, शर्टाच्या खिशातून पेचकस काढला आणि ऑटोच्या टपाला टेकून उभं राहत म्हणाले, “आवाज फाटून राह्यला तुहा. बायाइचं काय म्हननं हाय थे कोनाले समजूनच नाही राह्यलं. वायर ढिली हाय.” त्यांनी वायर आवळली, टेपचा स्क्रू पाव फेरा फिरवला आणि ड्रायव्हरला छत्तीसगढीत समजावलं की आवाहन संपलं की परत मागं फिरवायचं, पुढं जाऊ द्यायचं नाही. मग सायकलवर बसून गेले. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझा आवाज कॅम्प-1 च्या शेवटच्या गल्लीपर्यंत स्वच्छ ऐकू गेला.

सभेला इतकी माणसं आली की आमचाच विश्वास बसेना. भाषण संपल्यावर पहिली म्हातारी उठली आणि तिनं विचारलं, तो कालचा आवाज कशाचा होता. निम्मे लोक त्यासाठीच आले होते हे मी आज कबूल करते. पण आले, थांबले, सह्या केल्या, आणि पुढच्या कित्येक संध्याकाळी त्या बायांबरोबर हायवेवर जाऊन उभे राहिले. थांबा मिळाला. आमच्या अहवालात तो ‘जनतेच्या एकजुटीचा विजय’ म्हणून नोंदला आहे. अहवाल खोटा नाही, अपुरा आहे. एक अख्खं अंतराळ पुसून आम्ही एक बसथांबा मिळवला, आणि ज्याचं अंतराळ होतं त्यानं त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

सभेनंतरच्या रविवारी मी माफी मागायला गेले तर ते पहिल्या ताऱ्यापासून पुन्हा निघालेच होते. “बस,” ते म्हणाले, “डब्यातलं पानी बदलवत जाय.” मी दोन वर्षं पाणी बदललं. सभा नसेल तो प्रत्येक रविवार. संघटनेत मी आजाऱ्याला पाहायला जाते असं सांगत असे, आणि ते तितकंसं खोटं नव्हतं. वर जायचं बटण गेलं, मग तोफेचं गेलं. मावसाजी चाच्यांना चुकवत, खाली-खाली घसरत, डावीकडून जात राहिले. “आता कोनाले मारता येत नाई,” ते म्हणाले, “बरंच झालं. इंधन वाचते.” शेवटचे अकरा तारे उरले असताना एका रविवारी टीव्हीवर चित्र आलं, थरथरलं आणि डब्याच्या कोपऱ्यातून बारीक धूर निघाला. मावसाजींनी प्लग काढला. मावशी दारात येऊन उभी राहिली.  आत जाऊन तिनं फ्रीज लावला आणि चहा टाकला.

परवा बैठकीसाठी मी भोपाळला गेले होते. तिथं एका सोबत्याच्या भावाशी बोलता बोलता कळलं की त्यानं तो खेळ लहानपणी दिल्लीला खेळला आहे आणि शेवटच्या ताऱ्यापर्यंत पोचला आहे. मी विचारलं. त्यानं सांगितलं. दुसऱ्याच दिवशी गाडी पकडून मी भिलाईलगतच्या दुर्गला उतरले ती सरळ मावशीकडे गेले. मावसाजी आता रिटायरमेंटला आले आहेत; टेबलावर डबा उघडा, त्याचे अवयव वर्तमानपत्रावर मांडलेले. मी म्हटलं, “मावसाजी, मले समजलं, तिथं काय हाय थे.”

त्यांचे हात थांबले. आतून मावशी म्हणाली, “सांगून टाक वं बाई. टेबल तरी खाली होईल माहा.”

“थांब,” मावसाजी म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “काय हाय थे नोको सांगू. फक्त येवढं सांग. जाण्यासारखं हाय का?”

“हाय,” मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मी डोळे खाली केले नाहीत. मग त्यांनी मान हलवली आणि वर्तमानपत्रावरचा एक बारीक तुकडा उचलून खिडकीच्या उजेडात धरला.

मी खरं बोलले की नाही, हे वाचणाऱ्याला सांगायला माझी हरकत नव्हती. लपवाछपवीवर माझा विश्वास नाही. पण माझं छापून आलेलं प्रत्येक अक्षर मावसाजी वाचतात, लाल पेन घेऊन. हेही वाचतील. अकरा तारे अजून बाकी आहेत.