लाथेपुरती माणसं

"लाथ मारायला डोकं लागत नाही," असं म्हणत सर काळा चष्मा कपाळावर चढवायचे आणि आमच्यातल्या एखाद्याकडं बघायचे, जणू बिनडोक तो हाच. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. थोडे दिवस परदेशात काढतात आणि उरलेलं आयुष्य तेवढंच सांगत बसतात.

सर टेक्सासला भावाकडं राहून आले होते. औरंगाबादला परतल्यावर त्यांनी आमच्या कॉलेजात अमेरिकन फुटबॉलचा संघ काढला. चेंडू अंड्यासारखा, खेळ बहुतेक हातांचा. लाथ अधूनमधून, तीही ठरलेल्या गड्यानं मारायची. तिथला इतिहास सरांना एवढाच ठाऊक होता: मेक्सिकोकडून आलेल्या मजुरांची पोरं, म्हणजे लॅटिनो, लाथ छान मारत, म्हणून त्यांना तेवढ्यापुरतं मैदानात घेत. "ज्याची त्याची जागा असते," हे सांगताना ते फार खूश दिसत.

आमच्यात सगळ्यात लांब फेकायचा सिल्लोडचा सलीम. सरांनी त्याचं नाव विचारलं, गाव विचारलं आणि त्याला लाथ मारायला उभं केलं. फेकायला, म्हणजे मानाच्या जागी, प्राचार्यांचा भाचा.

सलीमनं एकदा विचारलं, "सर, तिथं त्यांच्यातलं कुणीच फेकत नव्हतं का?"

"नाही."

त्या हिवाळ्यात सरांचा पुतण्या टेक्सासहून आला. मैदानावर हीच कहाणी ऐकून तो म्हणाला की लॅटिनो पोरं कितीतरी आधीपासून फेकतात, धावतात, समोरच्याला आडवं करतात. काहींनी तर मोठमोठ्या संघांना शिकवलं. सरांनी त्याला पाणी आणायला पिटाळलं.

नंतर पुण्याच्या संघाशी सामना झाला. शेवटी आम्ही मागं होतो. गुणांसाठी चेंडू दोन खांबांमधून मारायला सरांनी सलीमला धाडलं. तो धावत आला, पण लाथ मारलीच नाही. दुसऱ्या गड्यानं जमिनीवर धरलेला चेंडू त्यानं उचलला आणि फेकला. कोपऱ्यात मी होतो. झेलला आणि गुणांच्या रेषेपलीकडं पडलो. जिंकलो.

हुकूम मोडला म्हणून सरांनी सलीमला तिथल्या तिथं संघातून काढलं. मग चषक छातीशी धरून फोटो काढून घेतला. संघ लवकरच मोडला. तरी 'सलीमला मीच घडवलं' हे सर निवृत्तीपर्यंत सांगत राहिले.

परवा त्यांची शोकसभा झाली. भाषणांत ते क्रीडामहर्षी झाले. सलीम आता सिल्लोडला शाळेत खेळ शिकवतो. तो मागच्या रांगेत बसला होता. तू कशाला आलास, मी विचारलं.

"बघायचं होतं," तो म्हणाला, "कुणी रडतं का."

मी हॉलभर नजर फिरवली. कुणीच रडत नव्हतं. अर्धी माणसं चहाला उठून गेली. सलीम मात्र सभा संपेपर्यंत बसून राहिला.