बिनचूक मिस्त्री आणि ऑइल बघायची पट्टी

‘बिनचूक’ हे नाव मिस्त्रींना लोकांनी दिलं की त्यांनी स्वतःच गावभर पसरवलं, हे आता कुणालाच आठवत नाही. वय पासष्ट, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि त्याच नाकावर माशी बसू द्यायची नाही असा खाक्या. हात लागलेल्या प्रत्येक भागावर ते टोकदार पंच ठोकून तीन टिंबं उठवायचे. का? तर पुढे काही बिघडलं तर समोरच्याला कळावं, की बिघाड इथे नाही, दुसरीकडे शोधा. घ्या! याला म्हणतात तोरा.

एके दिवशी वहिनींनी त्यांना बोलावलं. वहिनी म्हणजे मिस्त्रींच्या दोस्ताची बायको. दोस्त जाऊन चार वर्षं झाली होती आणि त्याचा ट्रॅक्टर त्याच्याही आधीपासून, चांगली वीस वर्षं, शेडमध्ये मोडक्या खुर्च्या आणि रिकामी पोती अंगावर घेऊन जाम पडला होता. आता लेकीने शेती हातात घेतली होती आणि हट्ट धरला होता, की चालवीन तर बाबांचाच ट्रॅक्टर.

“ह्यांनी कधी ऑइल बघितलं असेल तर शपथ!” वहिनी शेडच्या दारातूनच सुरू झाल्या. “धडधाकट इंजिन जाम करून ठेवलं. आणि वर तोंड करून म्हणायचे, मी रोज बघायचो. रोज म्हणे! मी पण शेवटपर्यंत सोडलं नाही त्यांना.”

मिस्त्रींनी इंजिनाचा खालचा चेंबर उघडला. आतली बेअरिंगं जळून काळीठिक्कर.

“तुमचंच खरं, वहिनी. बिनतेलाचा पळवलाय गड्याने,” ते म्हणाले आणि मान हलवत बसले. मेलेल्या दोस्ताची बाजू घ्यावी, एवढंही त्यांना सुचलं नाही.

“काका, मॉडेल कुठलं? नंबरची पाटी तर नाहीये,” लेकीने विचारलं.

“पाटी कशाला हवी? बॉनेट बघ की! मी डोळे मिटून सांगेन.”

डोळे मिटूनच सांगितलं म्हणायचं. बेअरिंगं मागवली, आली, आणि बसेनात. मिस्त्रींनी आधी दुकानदाराला शिव्या घातल्या, मग बेअरिंग बनवणाऱ्याला, आणि शिव्या संपल्यावर मुकाट्याने स्टार्टरच्या मागे हात घालून इंजिनावरचा चिकट थर खरवडला. खाली ओतीव आकडे निघाले. कंपनीच्या जुन्या पुस्तकात शोधले, तर हे इंजिन दहा वर्षं आधीच्या मॉडेलचं! दोस्ताच्या आधीच्या मालकाने कधीतरी नव्या मॉडेलचं बॉनेट बसवून घेतलं होतं, इतकंच.

“बघ, शोधून काढलं की नाही?” मिस्त्रींची छाती पुन्हा वर आली.

या वेळची बेअरिंगं चपखल बसली. इंजिन हाताने फिरू लागलं. मिस्त्रींनी पुस्तकात दिलंय तेवढंच ऑइल मापाने ओतलं आणि सवयीने पट्टी बुडवून पाहिली. ऑइल खुणेच्या चक्क दोन बोटं वर!

असं कसं? माप बरोबर, पुस्तक बरोबर. मग पट्टीच लांब. लांब पट्टी खोलवर बुडते आणि ऑइल कमी असलं तरी पुरेसं दाखवते. ही नव्या मॉडेलची पट्टी इथे कुणी गाढवाने घातली, म्हणत त्यांनी ती पुसली आणि तिची मूठ उजेडात धरली.

मुठीवर तीन टिंबं होती.

सगळं आठवलं. दोस्ताची पट्टी हरवली होती. त्यांनीच बॉनेट पाहून दुसरी दिली होती, पाठीवर थाप मारून. आणि तो बिचारा त्यानंतर रोज सकाळी ऑइल बघत होता.

कानस हाताशीच होती. दोनदा फिरवली असती तर टिंबं गेली असती आणि बिनचूक मिस्त्री बिनचूक राहिले असते. त्यांनी कानस उचललीसुद्धा. मग ती खाली ठेवून ते ओट्यावर बसलेल्या वहिनींकडे गेले.

“वहिनी, तो रोज ऑइल बघायचा. पट्टी चुकीची होती. ती मी दिली होती.”

आता आपली धडगत नाही, असं समजून ते खाली मान घालून उभे राहिले. पण वहिनींनी पट्टी हातात घेतली, टिंबांवरून अंगठा फिरवला आणि ती पदराने पुसून त्यांना परत दिली. ते शिव्या खाण्यापेक्षा वाईट होतं.

संध्याकाळपर्यंत मिस्त्रींनी पट्टी कापून खूण नव्याने पाडली. टिंबं मारली नाहीत. लेकीने चावी फिरवली. ट्रॅक्टर खोकला, काळा धूर ओकला, बंद पडला. पुन्हा फिरवल्यावर धडधडत सुरू झाला. लेक आनंदाने खाली उडी मारून मिस्त्रींना बिलगली. त्यांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी धुराला दोष दिला.

वहिनी पुढे आल्या. थरथरणाऱ्या रिकाम्या सीटवर त्यांनी हात ठेवला.

“अहो,” त्या म्हणाल्या, “तुम्ही रोज बघायचात.”