डोळ्याला ॲसिड मारायचं नसतं

मी लॅबच्या दारात पाऊल ठेवलं आणि शांताराम दोन्ही हातांनी तोंड झाकून खाली बसला. "ताई, मन्हा डोया गया," एवढंच म्हणाला. टेबलावर लिकर अमोनियाची बाटली उघडी. वासाने दारातच माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं, तर त्याचं काय होत असेल!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सुरतेत उधन्याला एका प्रोसेस हाउसमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या-छापायच्या कारखान्यात, मी लॅब सांभाळायची. शांताराम माझा असिस्टंट. खानदेशातला, कामाला वाघ, पण भलता घायकुता.

लिकर अमोनिया म्हणजे पाण्यात विरघळवलेला अमोनिया वायू. छपाईची पेस्ट दाट करायला लागतो. गरमीत बाटलीत गॅस कोंडतो. म्हणून बाटली आधी गार पाण्यात ठेवायची, डोळ्यांवर गॉगल चढवायचा, झाकणावर ओलं फडकं टाकायचं आणि तोंड बाजूला करून फ्यूम कपबोर्डमध्ये हळूच उघडायची. फ्यूम कपबोर्ड म्हणजे पुढे काच आणि वास बाहेर ओढणारा पंखा असलेलं कपाट.

पण आदल्या दिवशी दसरा. आमच्याकडे दसऱ्याला मशिनींची पूजा. कामगारांनी लॅब लख्ख धुतली आणि देव कुठे मांडले? फ्यूम कपबोर्डमध्ये! पांढऱ्या टाइल्स, आत दिवा, पुढे काच; त्यांना तो देव्हाराच वाटला. सकाळी प्रिंटिंगवाल्यांनी पेस्टसाठी शांतारामच्या डोक्यावर मिरे वाटले. देवाला उठवायचं कसं, म्हणून पठ्ठ्याने बाटली टेबलावरच उघडली. गॉगल खिळ्याला. झाकण सुटताच फवारा डाव्या डोळ्यात.

मी त्याला मानगुटीला धरून सिंकपाशी नेलं आणि नळाखाली डोकं आडवं केलं. तो डोळा घट्ट मिटायचा, मी बोटांनी पापण्या फाकवायची. त्याने शिव्या दिल्या. मीही दिल्या.

तेवढ्यात आमचे डाइंग मास्तर जयंतीभाई धावत आले. सारं आयुष्य रंगाच्या वाफेत काढलेला माणूस. हातात बीकर, बीकरमध्ये ॲसेटिक ॲसिड.

"बेन, अल्कली छे. थोडुं एसिड मारी दो, कट थई जशे."

आमच्या धंद्याचा हा पहिला पाठ. कापडावर अमोनियासारखं अल्कली राहिलं की थोडं ॲसिड मारायचं, दोघं एकमेकांना मारतात, तागा वाचतो. माणूस मायेनेच आला होता. आणि हा शांताराम नळाखालून म्हणतोय, टाका, टाका!

मी कोपराने बीकर लांब ढकललं. "जयंतीभाई, हा तागा नाही. डोळा आहे."

ॲसिड आणि अल्कली भेटले की उष्णता निघते, वर ॲसिड स्वतःही जाळतं. म्हणजे भाजल्यावर पुन्हा भाजायचं. जयंतीभाई भडकले. पोराचा डोळा गेला तर जबाबदारी तुमची, म्हणाले. मी म्हटलं, माझी. तुम्ही गाडी काढायला सांगा. गाडी येईपर्यंत नळ सोडला नाही, आणि वाटेत जगने पाणी ओतत राहिले. जयंतीभाईही गाडीत बसले. सीट भिजली, ड्रायव्हर कुरकुरला, कुरकुरू दे.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी पुन्हा धुतलं, औषध घातलं. मग त्याचा उजवा डोळा झाकला आणि विचारलं, काही दिसतंय का? शांतारामने डावा डोळा किलकिला केला. जयंतीभाईंनी डोळे मिटून घेतले.

"दिखस, ताई," शांताराम म्हणाला. "डॉक्टरले टक्कल शे."

मी हसतेय की रडतेय, माझं मलाच कळेना. डॉक्टरही हसले. म्हणाले, लगेच पाणी घातलंत म्हणून निभावलं. लाली जायला वेळ लागला, पण नजर शाबूत राहिली.

बाहेर बाकावर जयंतीभाई माझ्या शेजारी बसले. मग हळूच विचारलं, मी ते ॲसिड घातलं असतं तर काय झालं असतं?

"टक्कल दिसलं नसतं," मी म्हटलं.

डोळ्यात अमोनिया जावो की ॲसिड, आधी पाणी, भरपूर पाणी, मग डॉक्टर. हुशारी कापडासाठी राखून ठेवावी.