ग्रहणातला विळा

"ऊठ गं. ही ग्रहणाची पोर आहे."

कळंबला वकीलकाकूंकडे नवरात्रात कुमारिकांचं जेवण होतं. एक मुलगी कमी पडली, म्हणून मला अंगणातून आत बोलावलं. मी आठ वर्षांची. आई त्यांच्याकडे धुणंभांडी करायची. काकूंनी माझे पाय धुतले, कुंकू लावलं. मग गजरा माळायला केसांत हात घातला. कानाच्या वर रुपयाएवढं लासं होतं, जन्मापासूनचं. तिथं केस नाहीत. कातडी संत्र्याच्या सालीसारखी. ते पाहून काकूंनी मला उठायला सांगितलं. पुरीचा घास हातात होता, तो ताटात ठेवून मी उठले. आई दारातच उभी होती. तिनं माझं ताट उचललं आणि घासायला नेलं.

पोटुशी बाईनं ग्रहणात काही कापलं की बाळाला डाग पडतो, असं सगळेच मानायचे. आईही. "माह्याच हातानं झालं, बाई," म्हणायची. दर ग्रहणात पाण्याचा थेंब घ्यायची नाही. मी तिरपा भांग पाडत राहिले. पुढे त्याच घरात पोळ्या लाटल्या. देवघर सोडून सगळीकडे मोकळीक होती. सांगायला लाज वाटते, पण गेले. पोट भरायचं होतं.

यंदा लासं वाढलं. कंगवा लागला की रक्त यायचं. यवतमाळच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काढलेलं बरं."

बाहेर बाकावर आई पहिल्यांदा सगळं बोलली. "तू पोटात होती तवा गाईले कडबा कापाचा होता. म्या म्हणलं, काकू, गिऱ्हान हाय. तं त्या म्हने, गाय काय उपाशी ठेवाची? विळा देल्ला हातात. त्यायलेबी दिवस होते. त्या देवघरात बसून राह्यल्या."

आणि मला ताटावरून उठवलं त्यांनीच. काकूंना सगळं ठाऊक होतं. आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं पाहायचं वाकून!

आत केस भादरले, सुई टोचली. दुखलं नाही. कातरीचा आवाज मात्र कवटीच्या आतून यायचा. मी विचारलं, "हे गिऱ्हानानं होते का, मॅडम?"

"ग्रहणाचा काही संबंध नाही. कुणाच्याही बाळाला होतं हे. आईचा दोष नसतो."

आठ टाके पडले. तुकडा बाटलीत घालून तपासणीला गेला. तिथंच टेबलावर मी रडले. त्यांना वाटलं, भूल उतरली.

पंधरा दिवसांनी कामावर गेले. काकूंनी डोकं निरखून पाहिलं. खूश झाल्या. "बरं झालं, गेला एकदाचा डाग. आता देवघरातही पाणी भरत जा."

मोठा मान दिल्यासारखं बोलल्या. मी पोळपाट धुऊन ठेवला.

"काकू, तो विळा तुमीच देल्ला होता माह्या मायच्या हातात. मी उद्यापासून येत नाई."

त्या म्हणाल्या, "कुठला विळा?"

आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं त्यांना.

घरी येऊन आईला डॉक्टरीणबाईंचं बोलणं सांगितलं. तिनं ऐकलं आणि म्हणाली, "त्यायले काय माईत? माह्याच हातानं झालं."

दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं. तिसऱ्या दिवशीही. थकले आहे मी. नवं काम अजून मिळालेलं नाही. पण त्या घरात पाऊल ठेवणार नाही, आणि आईला रोज सांगणार, तुझ्या हातानं काही झालं नाही. तिनं मान डोलावून भागणार नाही. तिच्या तोंडून वदवून घेणार आहे.